काढून परत लावा

मालाड पश्चिमेच्या कुठल्याही वन बीएचकेत जा, कॉम्प्युटरचं टेबल हॉलच्या ठरावीक कोपऱ्यात सापडेल. बिल्डरने टीव्हीसाठी प्लग पॉइंट जिथे दिला होता, तिथे. टीव्ही यथावकाश भिंतीवर चढला आणि रिकाम्या कोपऱ्यात कॉम्प्युटर येऊन बसला. सीपीयू टेबलाखाली, त्याची पाठ भिंतीला. यूएसबीचे धडके पोर्ट सगळे त्या पाठीवर. पुढच्या बाजूला दोन आहेत, पण त्यांतला एक पेनड्राइव्ह तिरका धरला तरच चालतो आणि दुसरा कशाने चालतो ते अजून कळलेलं नाही. मागचा पोर्ट गाठायचा तर जमिनीवर पालथं पडायचं, मोबाइलची बॅटरी दातात धरायची आणि आंधळ्या हाताने भोक चाचपायचं. चाळिशी उलटलेला माणूस या आसनात एकदा जातो. बाहेर आला की तो थेट हब आणायला निघतो. हब घरात येतो तो कंबरेच्या शिफारशीवरून.

शिवाय जोडायच्या वस्तू वाढलेल्या असतात. आमच्याकडे माऊस, कीबोर्ड, प्रिंटर हे मूळ रहिवासी. लॉकडाउनमध्ये वेबकॅम आला तो परत गेलाच नाही. बारशापासून दहावीच्या निकालापर्यंतचे सगळे फोटो पोटात घेऊन बसलेली एक हार्ड डिस्क आहे. मुलाने आणलेला वितभर यूएसबी पंखा आहे. तो वारा कमी आणि आवाज जास्त देतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बायकोचं डिजिटल सहीचं टोकन. ती एका कर सल्लागाराकडे काम करते, उरलेलं काम घरी आणते. टोकन दिसतं पेनड्राइव्हसारखं, मान मात्र चेकबुकाचा. ते जोडलेलं असल्याशिवाय कंपन्यांचे रिटर्न भरताना सही उमटत नाही.

हब मिळतो स्टेशनबाहेर. तिथली गर्दी कापून पुढे सरकलं की मोबाइलची कव्हरं, चार्जर, काचा आणि इअरफोन यांनी लगडलेली दुकानं लागतात. दुकान म्हणजे भिंतीत बसवलेलं कपाट आणि कपाटात बसवलेला माणूस.

‘‘सात पोर्ट का है, सब चलेगा.’’

‘‘गॅरंटी?’’

‘‘चला तो चांद तक, नहीं तो शाम तक.’’

विक्रेत्याने मालाबद्दल इतकं खरं बोललेलं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. हबला सात पोर्ट, सात बटणं आणि सात निळे दिवे होते. घरी आणल्यावर आईने आधी विचारलं, ‘‘हा मखरात कुठे लावायचा?’’

पोर्टांच्या आतलं प्लास्टिकही निळं होतं. निळं म्हणजे यूएसबी 3.0, हा रंगाचा संकेत. संकेत पाळायला कुणी बांधील नाही आणि निळं प्लास्टिक महाग नसतं. पिनेच्या आत डोकावून पाहिलं की कळतं. खऱ्या 3.0 ला नेहमीच्या चार पट्ट्यांच्या आत आणखी पाच असतात. आमच्या हबला चारच होत्या.

पहिले काही दिवस उत्तम गेले. मग आवाज सुरू झाले.

विंडोजमध्ये यूएसबीला काही जोडलं की एक चढता सूर निघतो, टुडुंग. काढलं की उतरता, डुटुंग. कुणी काही जोडलेलं नाही, काढलेलं नाही, आणि हॉलमधून टुडुंग-डुटुंग, टुडुंग-डुटुंग. स्वयंपाकघरातून आई म्हणायची, ‘‘अरे, दार उघडा कुणीतरी, बाहेर माणूस ताटकळलाय.’’ एकदा तर खरोखरच बेल वाजली आणि कुणीही उठलं नाही. कुरिअरवाला ‘दार बंद’ असा शेरा मारून निघून गेला.

प्रकरण हाताबाहेर गेलं ते वीस तारखेला. जीएसटीचं 3बी रिटर्न महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचं असतं, आणि म्हणून ते 20 तारखेलाच भरलं जातं. रात्री पोर्टल एकदाचं उघडलं, आकडे बसले, सहीच्या बटणावर बोट गेलं आणि डुटुंग. टोकन गायब. काढून परत लावलं, टुडुंग, पासवर्ड टाकला, बटणावर बोट, डुटुंग. बायको मला काही बोलली नाही. तिने फक्त हबकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि या दोन नजरांत मला काही फरक जाणवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून निदान सुरू झालं. यूएसबीच्या दुखण्याचं निदान प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे करतो. शेजारच्या काकांनी ऐकता क्षणी ‘व्हायरस’ म्हटलं. काकांचा हा शब्द पंखा किरकिरण्यापासून लिफ्ट अडकण्यापर्यंत कुठेही चालतो. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, ड्रायव्हर अपडेट करा.’’ त्याच्या पिढीला जगातली कुठलीही वस्तू मुळात बिघडलेली वाटतच नाही, ती फक्त जुनी झालेली वाटते. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने अर्थिंगचा संशय घेतला आणि तो पाहायला येतो म्हणाला. त्याचं येणं अजून बाकी आहे.

पुण्याच्या मेहुण्यांनी फोनवरच निकाल दिला. ‘‘तुमच्याकडे मालाडला खारी हवा. मार्वेची खाडी उशाशी. गंज चढणारच. आमच्याकडे असं होत नाही.’’ पुण्याचा माणूस हवेबद्दल बोलायला लागला की ऐकून घ्यावं लागतं, कारण त्यात थोडं तथ्य असतं. संपर्काच्या पट्ट्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, स्वस्त मालात तो नावापुरताच, आणि पावसाळी दमट हवेत त्याखालचा धातू काळवंडतो. यावर जुना देशी उपाय पेन्सिलीच्या रबराचा. रॅम बाहेर काढून रबराने घासून परत बसवणारी एक अख्खी पिढी या मुंबईत होऊन गेली. पेनड्राइव्हच्या पट्ट्याही अशा घासता येतात. हबच्या भोकात मात्र रबर जात नाही. आमच्याकडे प्रयोगादाखल एक तुकडा गेला, तो आलाच नाही.

मतं कितीही वेगळी असली तरी शेवटचं औषध सर्वांचं एकच होतं. काढून परत लावा. आणि या औषधाने गुण येतो, हीच खरी अडचण आहे. न येता तर माणसं पुढे विचार करती.

गुण का येतो त्याला कारण आहे. वस्तू जोडली की हब कॉम्प्युटरला वर्दी देतो. कॉम्प्युटर तो पोर्ट रिसेट करतो, आलेल्या वस्तूला तात्पुरता शून्य पत्ता असतो, मग तिला 1 ते 127 मधला एक स्वतःचा पत्ता मिळतो. पुढे चौकशी होते: कोण आपण, काम काय करता, वीज किती लागेल. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत उरकतं. वस्तू उपटली की आधीचे सगळे घोळ पुसले जातात आणि परत लावली की पहिल्यापासून ओळख होते. त्यामुळे घरात थोडा वेळ आनंद पसरतो. मूळ कारण अर्थातच आपल्या जागी स्वस्थ बसलेलं असतं. ते पुढच्या डुटुंगची वाट पाहतं.

या सगळ्याचा जनक कोण, असा प्रश्न त्या दिवसांत बायकोने फार वेगळ्या शब्दांत विचारला होता. उत्तर आपल्या पश्चिम रेल्वेवरच निघतं. मालाडला न थांबता धडधडत जाणाऱ्या गुजरात मेलच्या वाटेवर बडोदे आहे. तिथे सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट पुढे अमेरिकेत इंटेलमध्ये गेले. त्या काळी प्रिंटरला एक भोक, माऊसला दुसरं, कीबोर्डला तिसरं, मोडेमला चौथं, आणि काही नवं जोडलं की कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. घरच्यांनाही साधं काही छापता येऊ नये, याचं त्यांना वैषम्य वाटलं. सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी 1996 मध्ये यूएसबीचं पहिलं मानक आलं. पिन उलटसुलट कशीही बसावी असं का नाही केलं, यावर भट्टांनी सांगितलंय की तारा आणि सर्किटं दुप्पट लागली असती, खर्च वाढला असता. एका पिनेत वाचवलेले ते चार पैसे पुढची वीस-पंचवीस वर्षं सगळं जग मनगट फिरवून फेडत होतं.

2009 साली इंटेलने भट्टांना रॉकस्टारसारखं मिरवणारी जाहिरात केली. ऑफिसातल्या मुली किंचाळतायत, माणसं सह्या मागतायत. जाहिरातीत भट्ट स्वतः नव्हते, त्यांचं काम सुनील नारकर या नटाने केलं होतं. नारकर हे आडनाव वाचून माझी छाती फुगली. शोध बडोद्याच्या माणसाचा, मिरवायला आपला माणूस. इतिहासात असं उलट सहसा घडत नाही.

आणि ज्यांना वाटतं की हे भोग फक्त आपल्या वाट्याला, त्यांनी 20 एप्रिल 1998 हा दिवस आठवावा. (तारीख इथेही वीसच.) शिकागोत कॉमडेक्सचं प्रदर्शन, व्यासपीठावर बिल गेट्स, बाहेर यायचं होतं विंडोज 98. सहकाऱ्याने भरल्या सभेत यूएसबीला एक स्कॅनर जोडला आणि पडदा निळा झाला. सगळं बंद. लोकांनी टाळ्या पिटल्या. गेट्स हसून म्हणाले ते एवढंच, की म्हणूनच तर आम्ही हे अजून विकायला काढलेलं नाही. ज्याच्या घरचं दूध त्याच्याच घरी नासलं, तिथे मालाडच्या हबवर किती रागवायचं?

आमच्याकडचा गुन्हेगार सापडला तो आईला. आई टपाल खात्यातून निवृत्त झाली. आवर्ती ठेवींच्या खात्यांत पैशाचाही फरक राहिला तर घरी यायची नाही. कॉम्प्युटरला तिने आजवर फडक्यापलीकडे हात लावलेला नाही. नातवाने डिव्हाइस मॅनेजरमध्ये हबच्या पॉवर टॅबवर जाऊन कुणी किती वीज मागितली त्याचे आकडे वाचायला घेतले आणि आईने कालनिर्णयावर, दुधाच्या खाड्यांखाली, ते मांडून घेतले. कीबोर्ड शंभर. माऊस शंभर. टोकन शंभर. वेबकॅम पाचशे. हार्ड डिस्क पाचशे. प्रिंटर दोन.

‘‘दोन?’’ आईने चष्म्यावरून पाहिलं.

‘‘आज्जी, त्याची स्वतःची वायर भिंतीत आहे.’’

‘‘शहाणा आहे. म्हणजे तेराशे दोन. आणि जमा किती?’’

जमा पाचशे. यूएसबी 2.0 चा एक पोर्ट 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअरपर्यंत देतो, 3.0 चा 900. स्वतःचा अडॉप्टर नसलेला हब त्या पाचशेतले शंभरापर्यंत स्वतःच्या निर्वाहाला धरतो. उरले चारशे. मानकाप्रमाणे अशा हबच्या दर पोर्टाला शंभर. म्हणजे पोर्ट चार. पाचवा पोर्ट काढायला हिशेबात पैसाच नाही. सात तर दूरची गोष्ट.

‘‘हबचे धरून चौदाशे दोन,’’ आई म्हणाली. ‘‘पाचशे जमा आणि चौदाशे दोन खर्च. आमच्या ऑफिसात असल्या माणसाला निलंबित करत.’’

तर हा सगळा लोकलमधल्या चौथ्या सीटचा मामला होता. रेल्वेने बाक तिघांचा केला, आपण ‘जरा सरका’ म्हणून चौघं बसतो. इथे कायद्यानेच चौघांची सोय होती आणि स्टेशनबाहेरच्या त्या सद्गृहस्थाने सातांना बसवून दिलं. आता बाकावर एक अगडबंब गृहस्थ आहे, हार्ड डिस्क. तो शांत असतो तोवर निभतं. पण थोडा वेळ काम नसलं की त्याची तबकडी थांबते, आणि कुणी फोटो मागितला की ती पुन्हा फिरायला लागते. फिरण्याच्या त्या पहिल्या झटक्याला त्याला पाचशेहूनही जास्त लागतात. तो मांडी बदलतो आणि बाकाच्या टोकाला अर्ध्या बुडावर टेकलेलं टोकन खाली पडतं. पडणारा निष्पाप असतो, त्यालाच सगळे बोलतात. आम्हीही टोकनच काढून परत लावत होतो.

आणि तो पंखा! आईच्या यादीत पंखा नव्हताच. पंख्याला कॉम्प्युटरशी बोलायचं नसतं, तो ओळख देत नाही, किती हवं ते सांगत नाही; नुसता येऊन तारेतून वीज ओढतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा मागमूस नसतो. बाकावर विदाउट तिकीट, वर खिडकीपाशी.

याच्या जोडीला वायर. स्वस्त हबची वायर बारीक असते आणि बारीक तारेत व्होल्टेज वाटेतच गळतं. अशा हबच्या पोर्टापर्यंत किमान 4.4 व्होल्ट पोचावेत अशी अपेक्षा असते; त्याखाली वस्तूंना भोवळ येते. मुलाने मध्यंतरी हबला दुसरा हब जोडून पाहिला होता. यूएसबीत ओळीने पाच हब चालतात, हे त्याने कुठेतरी वाचलेलं, आणि ते खरंही आहे. पण अडॉप्टर नसलेल्या हबमागे अडॉप्टर नसलेलाच हब लावू नये, हेही तिथेच लिहिलेलं असतं. वाचन अर्धवट राहिलं.

अखेर लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, पण 1903 ते 1907 या चार वर्षांत मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनला कॉम्प्युटरवाले अजून निवृत्त होऊ देत नाहीत. मालाडहून जायचं तर स्लो लोकलच हवी, फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही. तिथल्या दुकानात ‘यूएसबी हब’ एवढंच म्हटलं तर समोरचा आपल्याला ग्राहकांत धरत नाही. ‘अडॉप्टरवाला’ म्हटलं की तो मान वर करतो. किंमत स्टेशनवाल्याच्या कितीतरी पट. पोर्ट चारच. निळे दिवे नाहीत. दुकानदाराने बिल दिलं, शिक्का मारला, आणि काही बोलला नाही. चांदाचाही उल्लेख नाही.

घरी आईने अडॉप्टरवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. 5 व्होल्ट, 4 अँपिअर. ‘‘म्हणजे चार हजार. चौदाशे दोन गेले, राहिले 2598.’’ शिल्लक पाहून तिचा चेहरा उजळला. यूएसबीमुळे कुणाचा चेहरा उजळलेला घरात प्रथमच दिसला. पंखा खिडकीतल्या मोबाइल चार्जरवर गेला, कीबोर्ड आणि प्रिंटर सीपीयूच्या पाठीवर. टोकन त्यानंतर पडलेलं नाही आणि दर महिन्याची वीस तारीख शांततेत जाते.

पण सुख पूर्ण द्यायचं नाही, असा या वस्तूचा बाणा आहे. फोटो कॉपी करायला लावले की बिनवायरचा माऊस अडखळायला लागला. मुलाने ड्रायव्हर काढला, काकांनी व्हायरस काढला. खरं कारण असं की यूएसबी 3.0 चा डेटा वेगाने वाहू लागला की त्याची खरखर 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरते आणि बिनवायरचे बहुतेक माऊस नेमके तिथेच बोलतात. इंटेलनेच 2012 मध्ये तसं लिहून प्रसिद्ध केलंय. माऊसचा इवलासा रिसीव्हर हार्ड डिस्कच्या शेजारून उठवून पुढच्या तिरक्या पोर्टात लावला, माऊस सुधारला. मग एक दिवस दुपारी सगळा हबच झोपी गेला. विंडोजला वीज वाचवायची सवय आहे. थोडा वेळ हालचाल नसली की ते हबला विश्रांती देतं आणि काही हब त्या विश्रांतीतून वेळेवर उठत नाहीत. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद केलं की ही वामकुक्षी थांबते. आमच्याकडे ती फक्त हबची थांबली.

शेजारच्या काकांनीही मागोमाग अडॉप्टरवाला हब आणला, पण स्वस्तातला. त्यांचा कॉम्प्युटर बंद केला तरी कीबोर्डचा दिवा जळत राहतो. अशा हबमध्ये वीज उलट्या वाटेने कॉम्प्युटरकडे जाऊ नये म्हणून जे करायला हवं, ते केलेलं नसतं. काका याला व्हायरस म्हणत नाहीत. ते याला भूत म्हणतात आणि रात्री त्यावर रुमाल टाकतात.

आता हात जोडून एक विनंती. तुमच्या घरी एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा असेल. त्यात मालक हरवलेले अडॉप्टर राहतात: गेलेल्या राउटरचा, परत न केलेल्या सेट टॉप बॉक्सचा, कुठल्याशा रेडिओचा. राउटर आणि सेट टॉप बॉक्सचे पुष्कळसे अडॉप्टर 12 व्होल्टचे असतात, आणि त्यांची गोल पिन बऱ्याचदा 5 व्होल्टच्या हबमध्ये अगदी चपखल बसते. त्या चपखलपणावर जाऊ नका. 12 व्होल्ट आत गेले तर हब जळेल आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्कही, बारशाच्या फोटोंसकट. तेव्हा हब घरी आला की आधी जाड मार्कर शोधा आणि त्याच्या अडॉप्टरवर मोठ्या अक्षरांत ‘हब, 5 व्होल्ट’ असं लिहून टाका. मार्कर बहुधा त्याच डब्यात असेल.